एरर एकच, पण सकाळी आणि दुपारी: डेटाबेस कनेक्शनचा तिढा

झिरोमाईल | सोमवार, ११.४०

नमस्कार मंडळी. स्प्रिंग बूट २.७ (जावाचा फ्रेमवर्क), हिकारी पूल (डेटाबेसची उघडी कनेक्शनं साठवून कोडला उसनी देणारी लायब्ररी), मायएसक्यूएल ८.०. ॲपच्या दोन प्रती चालतात, डेटाबेस वेगळ्या मशिनवर, मधे फायरवॉल. लॉगमध्ये येतं ते असं:

"कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट आफ्टर ३०००० एमएस"

हे दोन वेळा होतं. सकाळी साडेनऊला पहिले दोन-चार जण लॉगिन करतात तेव्हा, आणि दुपारी तीनच्या पुढे गर्दी असते तेव्हा. सकाळचं मिनिटभरात आपोआप बरं होतं, आणि रोज होत नाही, आठवड्यातून दोन-तीनदाच. दुपारचं मात्र गर्दी ओसरेपर्यंत हटत नाही. दोन्ही वेळा डेटाबेसचा सीपीयू १० टक्क्यांच्या आत. पूलच्या सेटिंगला हात लावलेला नाही, सगळं डिफॉल्ट.

टीममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो पूल १० चा १०० करा, दुसरा म्हणतो नेटवर्कवाल्यांना धरा. कोणाचं बरोबर?

तर्रीपोहा | सोमवार, ११.५२

१०० कर अन् मोकळा हो भाऊ. कायले डोकं लावून राहिला? नाहीच जमलं तर पावणेतीनले रिस्टार्टचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावून दे. ;)

कंपाइलरकाका | सोमवार, १२.१५

@तर्रीपोहा, तुझा क्रॉन एकवेळ चालेल, १०० चा पूल नको. आकडे मांडून बघ. हिकारीत मिनिममआयडल (किमान किती कनेक्शन रिकामी तयार ठेवायची) वेगळा दिला नसेल तर तो मॅक्सिममपूलसाइझइतकाच धरतात. म्हणजे ॲप उठलं की प्रत्येक प्रत १०० कनेक्शन उघडायला धावणार. दोन प्रती, २००. मायएसक्यूएलच्या मॅक्स_कनेक्शन्सचा डिफॉल्ट १५१. दुसरी प्रत अर्ध्यावरच "टू मेनी कनेक्शन्स" म्हणत बसेल, आणि रात्रीचा बॅकअप, रिपोर्टचं जॉब, वर्कबेंच उघडं टाकून जेवायला गेलेले, सगळ्यांनाच दार बंद.

शिवाय सीपीयू १० टक्के आहे हे विसरू नका. सावजीत आचारी रिकामा बसलाय आणि बाहेर रांग लागलीय, अशी स्थिती आहे. वाढपी कुठे अडकलेत ते बघायचं.

धागाकर्त्यासाठी: हा संदेश एवढंच सांगतो की ३० सेकंद थांबूनही पूलकडून कनेक्शन मिळालं नाही. का मिळालं नाही ते त्यात नसतं. हिकारीच्या पॅकेजचा लॉग डीबग पातळीवर आण. दर ३० सेकंदांनी एक ओळ येईल, तिच्यात टोटल, ॲक्टिव्ह, आयडल, वेटिंग (एकूण, कोडच्या हातातली, रिकामी, आणि रांगेतल्या मागण्या) असे चार आकडे असतात. टाइमआउट झाला की त्या क्षणाचेही येतात. सकाळचे चार आणि दुपारचे चार इथे टाक. दुपारच्या वेळी डेटाबेसवर 'शो प्रोसेसलिस्ट' (कोणतं कनेक्शन काय करतंय त्याची यादी) मारून तेही टाक. माझा अंदाज, आजार दोन आहेत, ताप तेवढा सारखा.

मिहानवाली | सोमवार, १२.४०

काकांशी सहमत. आकडे येईपर्यंत नेटवर्कचा भाग तपासून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

ज्या मशिनवर ॲप चालतं त्याच मशिनवरून पोर्ट ठोकून बघायचा. स्वतःच्या लॅपटॉपवरून नाही, हे दर वेळी सांगावं लागतं. लिनक्सवर 'एनसी -व्हीझेड', पुढे सर्व्हरचा पत्ता आणि ३३०६. विंडोजवर पॉवरशेलमधलं 'टेस्ट-नेटकनेक्शन'. (पोस्टग्रेस ५४३२, एसक्यूएल सर्व्हर १४३३, ओरॅकल १५२१, मोंगो २७०१७.)

आता काय उत्तर येतं आणि किती वेळात येतं, दोन्ही बघा. तत्काळ "रिफ्यूज्ड" आलं म्हणजे पाकीट पोचलंय, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही: सर्व्हर बंद, पोर्ट चुकलेला किंवा बाइंड-ॲड्रेस (सर्व्हर ऐकतो तो पत्ता) १२७.०.०.१ वर, म्हणजे फक्त स्वतःच्याच मशिनवर, अडकलेला. सर्व्हरवर 'एसएस -एलटीएनपी' मारलं की कोण कुठल्या पत्त्यावर ऐकतंय ते दिसतं. क्वचित फायरवॉलही पाकीट गिळायच्या ऐवजी असं उलट परतवते. बराच वेळ लटकून "टाइम्ड आउट" आलं तर पाकीट वाटेत गिळलं गेलंय: फायरवॉल, क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप किंवा भलताच आयपी. इथे पासवर्ड बदलून काही होत नाही, तरी लोक बदलतात.

आणि "ॲक्सेस डिनाइड", म्हणजे १०४५, आला तर आनंद माना, नेटवर्क सुटलं. त्या संदेशात युजरच्या नावापुढे @ आणि होस्ट लिहिलेला असतो, तो वाचा. मायएसक्यूएलमध्ये नाव आणि होस्ट मिळून एक युजर होतो. 'ॲप'@'लोकलहोस्ट' आणि 'ॲप'@'%' ही दोन वेगळी खाती, दोघांचे पासवर्ड वेगळे असू शकतात.

घरून काम करणाऱ्यांसाठी एक पुरवणी. वीज गेली, राउटर पुन्हा उठला, घरचा आयपी बदलला, सिक्युरिटी ग्रुपात जुनाच राहिला. नागपूरच्या मे महिन्यात टाइमआउट आला की आधी हे बघा.

अंबाझरी_२२ | सोमवार, १.०५

थोडं अवांतर, पण रिफ्यूज्डवरूनच. डॉकर कम्पोजमध्ये (ॲप आणि डेटाबेस वेगवेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे बंदिस्त डब्यांत, चालतात) मायएसक्यूएलचा पोर्ट ३३०७:३३०६ (बाहेरचा:आतला) असा लावलाय. लॅपटॉपवरून लोकलहोस्ट ३३०७ ला वर्कबेंच जोडला जातो. ॲपच्या कंटेनरमधून तोच पत्ता दिला की रिफ्यूज्ड. काहून?

सेमिकोलन | सोमवार, १.२५

कारण कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. त्याच्या पोटात मायएसक्यूएल नाहीच. होस्टच्या जागी कम्पोज फाइलमधलं सर्व्हिसचं नाव द्या आणि पोर्ट ३३०६ द्या. ३३०७ फक्त बाहेरून येणाऱ्यांसाठी आहे.

पुढचा खड्डा आत्ताच सांगतो. 'डिपेंड्स_ऑन' लिहिलं म्हणजे डेटाबेस तयार होईपर्यंत ॲप थांबेल असं नाही, ते फक्त कंटेनर सुरू होण्याची वाट बघतं. हेल्थचेक (आतला सर्व्हर तयार आहे का ते विचारणारी तपासणी) लावून अट 'सर्व्हिस_हेल्दी' द्यावी लागते. त्या हेल्थचेकमध्ये 'मायएसक्यूएलॲडमिन पिंग' लिहिताना होस्ट १२७.०.०.१ असा आकड्यांत द्या. मायएसक्यूएलची इमेज पहिल्यांदा उठते तेव्हा प्राथमिक मांडणीसाठी आत एक तात्पुरता सर्व्हर चालवते, त्याचं नेटवर्क बंद असतं. लोकलहोस्ट दिलं तर पिंग सॉकेट फाइलमधून जातो, तात्पुरता सर्व्हर "हो" म्हणतो, ॲप धावत येतं आणि तेवढ्यात तो सर्व्हर बंद होतो. पहिल्या वेळी फसतं आणि दुसऱ्यांदा चालतं, ते यामुळे.

लोकलहोस्टची तिसरी गंमत नोडवाल्यांसाठी. नोड १७ पासून नाव सोडवताना आयपीव्ही४ ला आधी घ्यायची सवय गेली. लोकलहोस्टचा अर्थ ::१ लागतो, डेटाबेस फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असतो, आणि कालपर्यंत चालणारा कोड नोड बदलल्याबरोबर रिफ्यूज्ड देतो. आकड्यांत पत्ता लिहा, विषय संपला.

तर्रीपोहा | सोमवार, १.३१

एका लोकलहोस्टचे तीन अर्थ. आमच्या इकडच्या "हाव" (म्हणजे हो) सारखं झालं हे, कोणत्या सुरात म्हटलं त्यावर सगळं.

ऑरेंजसिटी | सोमवार, २.१०

१०४५ वरून आठवलं. पासवर्डमध्ये @ किंवा # असेल आणि तो कनेक्शनच्या यूआरएलमध्ये थेट लिहिला तर तिथेच तुकडा पडतो. @ च्या जागी %४० आणि # च्या जागी %२३ लिहावं लागतं. तो %४० इंग्रजी आकड्यांतच हं, आपल्या नाही. एन्व्ह फाइलमध्ये # च्या पुढचं टिप्पणी समजून गाळलं जातं ते वेगळंच, त्यासाठी अवतरणचिन्हं.

अजून एक फसवं प्रकरण: "पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड". मायएसक्यूएल ८ मध्ये कॅशिंग_शा२_पासवर्ड ही डिफॉल्ट पद्धत आहे. एकदा लॉगिन झालं की सर्व्हर त्याची नोंद स्मृतीत ठेवतो आणि पुढची लॉगिनं झटपट होतात. सर्व्हर रिस्टार्ट झाला की नोंद पुसली जाते, मग पुन्हा पूर्ण तपासणी, आणि ती टीएलएस (एन्क्रिप्शन) नसलेल्या कनेक्शनवर पब्लिक कीशिवाय होत नाही. म्हणून "कोड बदलला नाही, पासवर्ड बदलला नाही, रात्री डेटाबेस रिस्टार्ट झाला आणि सकाळी ॲप चढेना". यूआरएलमध्ये अलाउपब्लिककीरिट्रीव्हल ट्रू करायला सगळे सांगतात. त्यापेक्षा एसएसएलमोड रिक्वायर्ड करा, मूळ दुखणंच जातं.

बर्डीकर | सोमवार, २.५५

कनेक्शनचाच धागा आहे तर मराठीची प्रश्नचिन्हं इथेच निकालात काढू. टेबलात "सीताबर्डी" घालायचं आणि बाहेर "?????????" यायचं, हा प्रश्न दर महिन्याला कोणीतरी विचारतं.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकाना एनव्हारकॅर हवा, हे बहुतेकांना माहीत असतं. विसरतं ते हे की क्वेरीत थेट मजकूर लिहिताना अवतरणाच्या आधी एन लागतो. तो नसेल तर मजकूर रकान्यात पोचायच्या आधीच डेटाबेसच्या कोडपेजमध्ये बदलला जातो आणि प्रश्नचिन्हं कायमची साठतात. ती परत मराठी होत नाहीत. पॅरामीटर वापरत असाल तर त्याचा प्रकार एनव्हारकॅर आहे ना ते बघा.

मायएसक्यूएलमध्ये टेबल, रकाना आणि कनेक्शन तिन्ही यूटीएफ८एमबी४ हवेत. टेबल बरोबर असून कनेक्शन लॅटिन१ असलं तरी प्रश्नचिन्हंच. जुन्या तीन बाइटवाल्या यूटीएफ८ मध्ये देवनागरी नीट बसते, कारण आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीनच बाइटचं. त्यामुळे चाचणीत सगळं छान दिसतं आणि पहिल्या वापरकर्त्यानं नावापुढे स्मायली टाकली की फुटतं, ती चार बाइटची.

ओरॅकलमध्ये वेगळं. व्हारकॅर२(२०) म्हटलं की डिफॉल्टनं २० बाइट. "सीताबर्डी" मोजा: स, ई ची वेलांटी, त, काना, ब, र, हलन्त, ड, पुन्हा वेलांटी. नऊ चिन्हं, २७ बाइट. ओआरए-१२८९९. रकाना करतानाच (२० कॅर) असं लिहायचं.

आणि शेवटचा, खास आपला. "दुसऱ्या" हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, त्याला हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच, बाइट वेगळे. नेमक्या जुळणीचा शोध लावला की अर्धे "गोऱ्हे" सापडतात, अर्धे नाहीत. युनिकोडचं नॉर्मलायझेशन चालवूनही हे दोन एक होत नाहीत. साठवतानाच एका रूपात बदलून घ्यायचं, आणि शोधशब्दालाही तेच लावायचं.

मिहानवाली | सोमवार, ३.०२

बर्डीकर, दंडवत. जॉइनरचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

वर्धारोड | सोमवार, ३.२०

ॲप क्लाउडच्या एका रीजनला (डेटासेंटरच्या ठिकाणी) आणि डेटाबेस भलत्याच रीजनला, हेही तपासा. समजा एक फेरी २०० मिलिसेकंदांची आहे. एक यादी आणि यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी एक क्वेरी असा कोड असेल, तर १०० ओळींना १०१ फेऱ्या, २० सेकंद. लोक म्हणतात कनेक्शन स्लो आहे.

तर्रीपोहा | सोमवार, ३.२६

रीजन निवडताना सांभाळा बरं. झिरो माईलचा दगड आपल्या नागपुरात, पण ॲझ्यूरचं 'सेंट्रल इंडिया' पाहाल तर ते पुण्यात आहे. हे दुःख कोणाले सांगावं?

वर्धारोड | सोमवार, ३.२९

नागपूर करारातलं अधिवेशन तेवढं हिवाळ्यात आपल्याकडे येतं. सेंट्रल इंडियाचं बघू पुढे.

झिरोमाईल | सोमवार, ५.१५

दुपारचे आकडे मिळाले. ३.१२ ला: टोटल १०, ॲक्टिव्ह १०, आयडल ०, वेटिंग २३. त्याच मिनिटाच्या प्रोसेसलिस्टमध्ये दोन्ही प्रतींच्या मिळून वीस ओळी, वीसच्या वीस 'स्लीप'. टाइमच्या रकान्यात ४ पासून १९ पर्यंत आकडे. एकही क्वेरी चालू नव्हती!

कंपाइलरकाका | सोमवार, ५.४०

मग दुपारचा आजार बराचसा कळला. पूल म्हणतो दहाच्या दहा कनेक्शन कोडच्या हातात आहेत. डेटाबेस म्हणतो माझ्याकडे काम नाही, १९ सेकंदांपासून तुमच्या हुकमाची वाट बघतोय. म्हणजे कोड कनेक्शन धरून तिसरीकडेच कुठेतरी उभा आहे. बहुतेक वेळा ते बाहेरचं एचटीटीपी असतं: एसएमएस, पेमेंट, पीडीएफ बनवणारी सेवा.

कोण धरून बसलंय ते शोधायला लीकडिटेक्शनथ्रेशोल्ड १०००० ठेव. दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ कनेक्शन बाहेर राहिलं की "ॲपरंट कनेक्शन लीक डिटेक्टेड" आणि खाली ज्यानं कनेक्शन घेतलं त्याचा पूर्ण स्टॅक ट्रेस (कोणत्या मेथडनं कोणाला हाक मारली त्याची साखळी) येतो. नावात लीक असलं तरी गळतीच असेल असं नाही, कनेक्शन उशिरा परत आलं तर तशी वेगळी ओळ नंतर येते. ती आली तर उशीर, कधीच आली नाही तर खरी गळती. गळती बहुधा हातानं घेतलेल्या कनेक्शनची असते, ट्राय-विथ-रिसोर्सेस (काम संपलं की आपोआप बंद करणारी जावाची रचना) न लावलेली.

पोस्टग्रेसप्रेमी | सोमवार, ६.०५

पोस्टग्रेस असतं तर पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये 'आयडल' आणि 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (कमिट न करता व्यवहार उघडा ठेवून बसलेलं) वेगळे दिसले असते. मायएसक्यूएल दोघांनाही 'स्लीप' म्हणतं. आमच्याकडे तर असल्या बसलेल्या ट्रान्झॅक्शनला ठरावीक वेळानं हाकलायचं सेटिंगही आहे. असो, मी काही बोलत नाही.

सेमिकोलन | सोमवार, ६.११

बोललास की सगळं. मायएसक्यूएलमध्ये इन्फर्मेशन_स्कीमामधलं इनोडीबी_टीआरएक्स बघायचं. स्लीपवाल्याचा थ्रेड क्रमांक तिथे सापडला तर ट्रान्झॅक्शन उघडं आहे. आणि तुमच्याकडे मॅक्स_कनेक्शन्स १०० च, त्यातली तीन सुपरयुजरसाठी राखीव, हेही सांग की. पीजी_एचबीए फाइलमध्ये (कोणाला आत सोडायचं ते ठरवणाऱ्या) वरून पहिली जुळणारी ओळच लागू होते, खाली शंभर ओळी लिहिल्या तरी ढिम्म, ते पण सांग.

झिरोमाईल | मंगळवार, १०.०५

आज सकाळी झालं. ९.३४ ला: टोटल ९, ॲक्टिव्ह ०, आयडल ९, वेटिंग ०. नऊ रिकामी आहेत आणि तरी कनेक्शन मिळालं नाही? त्याच्या आधी सहा वॉर्निंग, साधारण पाच-पाच सेकंदांच्या अंतरानं: "फेल्ड टु व्हॅलिडेट कनेक्शन", आणि शेवटी मॅक्सलाइफटाइम (कनेक्शनचं कमाल वय) कमी करून बघा असा सल्ला.

मिहानवाली | मंगळवार, १०.३०

हे माझ्या खात्यातलं. रिकामी दिसणाऱ्या नऊपैकी जी जुनी कनेक्शन्स आहेत ती पूलच्या वहीत जिवंत आहेत, वाटेत मेलेली आहेत. फायरवॉल शांत पडलेल्या जोडणीची नोंद ठरावीक वेळानं टाकून देते आणि दोन्हीकडच्यांना कळवत नाही. ॲप पाकीट पाठवतं, फायरवॉल गिळते.

आता तुमचा हिशेब. हिकारी कनेक्शन देण्याआधी ते जिवंत आहे का ते तपासतो, त्याला व्हॅलिडेशनटाइमआउट डिफॉल्ट ५ सेकंद. मेलेलं निघालं की टाकून पुढचं. सहा मेलेली गुणिले पाच, झाले ३० सेकंद, कनेक्शनटाइमआउट संपला. तुमच्या सहा वॉर्निंग त्याच.

रोज का होत नाही? मॅक्सलाइफटाइम ३० मिनिटं आहे, म्हणजे रात्रभर कोणी नसलं तरी दर अर्ध्या तासाला पूल जुनी टाकून नवी कनेक्शन घेत असतो. समजा फायरवॉलची मर्यादा १५ मिनिटं. पहिला माणूस नव्या कनेक्शनांच्या पहिल्या १५ मिनिटांत आला तर सगळं गोड. नंतरच्या १५ मध्ये आला तर मढी. मायएसक्यूएलचा वेट_टाइमआउट २८८०० सेकंद, आठ तास. त्याचा इथे हात नाही, तो वाढवून काही मिळणार नाही.

उपाय: फायरवॉलवाल्यांना शांत टीसीपी जोडणीची मर्यादा विचारा आणि कीपअलाइव्हटाइम (रिकाम्या कनेक्शनला अधूनमधून ठोकून जागं ठेवायचं अंतर) तिच्यापेक्षा कमी ठेवा. तुमच्या आवृत्तीत तो डिफॉल्टनं बंद असतो. १२००००, म्हणजे दोन मिनिटं, बहुतेक ठिकाणी पुरतात. मॅक्सलाइफटाइमही मर्यादेच्या आत आणला तर दुहेरी कुलूप. लिनक्सच्या टीसीपी कीपअलाइव्हवर विसंबू नका, त्याचा डिफॉल्ट ७२०० सेकंद आहे. क्लाउडमध्येही हेच: एडब्ल्यूएसचा नॅट गेटवे ३५० सेकंदांनी नोंद टाकतो, ॲझ्यूरचा लोड बॅलन्सर डिफॉल्टनं चार मिनिटांनी.

झिरोमाईल | मंगळवार, ४.२०

फायरवॉलची मर्यादा खरंच १५ मिनिटं निघाली! कीपअलाइव्ह लावला.

दुपारचा स्टॅक ट्रेसही सापडला. नोंदणीच्या मेथडवर ट्रान्झॅक्शनल आहे, म्हणजे अख्खी मेथड एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालते. आत क्रम असा: अर्जाची ओळ सेव्ह, मग एसएमएस गेटवेला रेस्टटेम्प्लेटनं (स्प्रिंगचा एचटीटीपी क्लायंट) हाक, मग ओळीत 'एसएमएस गेला' अशी खूण. गेटवे दुपारी ८ ते २० सेकंद घेतो.

कंपाइलरकाका | मंगळवार, ४.५०

हिशेब बघ. एक कनेक्शन सरासरी ८ सेकंद अडकतं धरलं तर दहा कनेक्शनांत सेकंदाला सव्वा अर्ज. दोन प्रती, अडीच. त्याच्या पुढचा प्रत्येक जण रांगेत. तेच कनेक्शन ५० मिलिसेकंदात सुटलं तर एका प्रतीतून सेकंदाला २००. पूल १०० केला असता तर दुपार कदाचित निभली असती, आणि गेटवे आणखी मंदावला त्या दिवशी शंभरही अडकले असते.

क्रम बदल. छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये ओळ सेव्ह करून कमिट. बाहेर येऊन एसएमएस. मग दुसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये खूण. एसएमएस गेला आणि खूण राहिली तर काय, याचा निर्णय आधी घे. खूण नसलेल्या ओळी दर पाच मिनिटांनी पुन्हा बघणारं जॉब ठेवलं तर एखाद्याला दोनदा एसएमएस जाईल हे मान्य करावं लागेल.

तीन ठेचा सांगून ठेवतो. त्या दोन छोट्या मेथड त्याच क्लासमध्ये ठेवून आतूनच हाक मारली तर ट्रान्झॅक्शनल लागतच नाही, हाक प्रॉक्सीतून (ट्रान्झॅक्शन उघडणारं स्प्रिंगचं मधलं आवरण) जात नाही. वेगळ्या क्लासमध्ये काढ. कमिटनंतर चालणारा इव्हेंट लिसनर वापरायचा मोह होईल. तो चालतो तेव्हाही कनेक्शन हातातच असतं, सोबत असिंक (काम वेगळ्या थ्रेडवर) लावलं तरच सुटतं. आणि रेस्टटेम्प्लेटला टाइमआउट दे, दिला नाही तर तो अनंतकाळ थांबायला तयार असतो. जोडायला २ सेकंद, वाचायला ५, असं काहीतरी.

वर्धारोड | मंगळवार, ५.१०

चौथी ठेच. एका ट्रान्झॅक्शनच्या आत 'रिक्वायर्स_न्यू'वाली (स्वतःचं नवं ट्रान्झॅक्शन उघडणारी) मेथड असेल तर ती दुसरं कनेक्शन मागते, पहिलं सोडत नाही. दहा जणांनी एकाच वेळी पहिलं घेतलं की दुसरं कोणालाच मिळत नाही, सगळे ३० सेकंद एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. तेव्हाही ॲक्टिव्ह १० आणि सगळे स्लीप, अगदी असंच चित्र.

झिरोमाईल | बुधवार, ३.४५

सकाळ साफ. एकही वॉर्निंग नाही.

पण दुपार जैसे थे. काकांनी सांगितल्याप्रमाणे दोन वेगळ्या क्लासमध्ये मेथड काढल्या, एसएमएस ट्रान्झॅक्शनच्या बाहेर, लॉगमध्ये कमिट आधी झालेलं दिसतंय. तरी ॲक्टिव्ह १०, वेटिंग १७. इनोडीबी_टीआरएक्स मात्र रिकामं! ट्रान्झॅक्शन उघडं नाही आणि कनेक्शन तरी अडकलेलं.

तर्रीपोहा | बुधवार, ३.४८

१००... बरं, बोलत नाही.

सेमिकोलन | बुधवार, ४.०५

टीआरएक्स रिकामं आहे, म्हणजे ओपन-इन-व्ह्यू. ॲप उठताना लॉगमध्ये एक वॉर्निंग येते, "ओपन-इन-व्ह्यू इज एनेबल्ड बाय डिफॉल्ट" अशी, सगळे तिच्यावरून स्क्रोल करत जातात. तो चालू असला की हायबरनेटचं (टेबलांच्या ओळींचे जावा ऑब्जेक्ट करणाऱ्या लायब्ररीचं) सेशन विनंतीच्या सुरुवातीला उघडतं आणि उत्तर लिहून होईपर्यंत मिटत नाही. पहिल्या क्वेरीला घेतलेलं कनेक्शन ते सेशन मिटेपर्यंत धरून ठेवतं. कमिट झालं तरीही. तुमचा एसएमएस ट्रान्झॅक्शनच्या बाहेर गेला, सेशनच्या बाहेर नाही गेला.

स्प्रिंग.जेपीए.ओपन-इन-व्ह्यू फॉल्स करा. मात्र थेट प्रॉडक्शनवर नको. कंट्रोलरमध्ये किंवा जेसन बनवताना लेझी (हात लावल्यावरच डेटाबेसमधून येणाऱ्या) रकान्यांना हात लावणारा जेवढा कोड आहे तो "लेझीइनिशियलायझेशनएक्सेप्शन" म्हणत ओरडायला लागेल.

झिरोमाईल | शुक्रवार, ४.३०

काल रात्री लावलं. आज ३.१५ ला: टोटल १०, ॲक्टिव्ह २, आयडल ८, वेटिंग ०. गेटवे आजही १४ सेकंद घेत होता, पण रांग नाही. पूल दहाचाच आहे. @तर्रीपोहा, नोंद घ्यावी.

चाचणीत लेझीवाले नऊ एंडपॉइंट ओरडले. आठ ठिकाणी जॉइन फेच (जोडलेला डेटा त्याच क्वेरीत आणणं) लावून मिटलं. नववा अर्जांच्या यादीचा आहे, पानावर २० ओळी. जॉइन फेच लावल्यावर चालतो, पण चार सेकंद घेतो.

तर्रीपोहा | शुक्रवार, ४.३६

नोंद घेतली. तर्री माझ्याकडून.

सेमिकोलन | शुक्रवार, ४.५०

लॉगमध्ये एचएचएच०००१०४ असेल बघा. कलेक्शनचं जॉइन फेच आणि पानांची मर्यादा एकत्र दिली की हायबरनेट लिमिट डेटाबेसला पाठवत नाही. सगळे अर्ज स्मृतीत आणतो आणि त्यातले २० कापून देतो. दोन क्वेरी करा: पहिलीत फक्त २० आयडी लिमिटसकट, दुसरीत त्या आयडींचे अर्ज जॉइन फेचसकट. दुसऱ्या क्वेरीत ऑर्डर बाय पुन्हा लिहायला विसरू नका, आयडींची यादी दिली म्हणून ओळी त्या क्रमानं येत नाहीत.